‘नंबर कुठं लागल?’ : बारावीच्या गुणपत्रिकेपासून पदवीच्या प्रवेशापर्यंत

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजला की आमच्या तालुक्याच्या गावातल्या नेट कॅफेपुढे चपलांचा ढीग पडतो. बैठक क्रमांक टाकायचा, आईचं नाव टाकायचं आणि ते गोल फिरणारं चाक बघत बसायचं. २०२४ साली निकाल २१ मे रोजी लागला, २०२५ साली ५ मे रोजी. म्हणजे शेतात उन्हाळवाही चालू, बियाण्याच्या पैशाची जुळवाजुळव चालू आणि त्यात हे. गेल्या खेपेला एक ओळखीचे शेतकरी थेट वावरातून आले. प्रिंट हातात, घाम कपाळावर. म्हणाले, “सर, पोट्टीले अठ्ठ्याहत्तर टक्के भेटले. आता कुठं नंबर लागल?”

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. हा प्रश्न मला दर वर्षी शंभरदा ऐकावा लागतो आणि दर वेळी मी उलट विचारतो, “कशासाठी?” कारण नुसत्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवरून नंबर सांगता येत नाही. काही अभ्यासक्रमांत बारावीचे गुण म्हणजे रांग असते: ज्याचे जास्त तो पुढे. काही ठिकाणी ते नुसता उंबरठा असतात. एकदा ओलांडला की ४६ टक्के आणि ९६ टक्के सारखेच, पुढची रांग वेगळ्याच परीक्षेची. आपल्याकडची निम्मी फसगत हा फरक न कळल्यामुळे होते. ९० टक्क्यांचा पोरगा सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, आपटतो आणि घरचे म्हणतात, “काहून? टक्के तर चांगले होते.” उलट ५५ टक्क्यांची मुलगी अर्जच भरत नाही, ‘आपल्याले कोण घेते’ म्हणून.

आधी गुणपत्रिका नीट वाचा

राज्य मंडळाची बारावी ६०० गुणांची. सहा विषय, प्रत्येकी १००. भाषांना ८० लेखी आणि २० तोंडी किंवा अंतर्गत. भौतिक, रसायन, जीवशास्त्राला ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. गणिताला ८० आणि २०. पास व्हायला प्रत्येक विषयात ३५. आपल्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचे निकाल दोन विभागीय मंडळांतून येतात. नागपूर मंडळाकडे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. अमरावती मंडळाकडे अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ.

खाली छापलेली एकूण टक्केवारी सगळे बघतात. पण प्रवेशाच्या नियमात बहुतेक वेळा ती टक्केवारी नसतेच, ठरावीक विषयांची असते. एक गुणपत्रिका घेऊ. इंग्रजी ७१, मराठी ७८, भौतिकशास्त्र ५२, रसायनशास्त्र ४९, गणित ३८, जीवशास्त्र ६९. बेरीज ३५७, म्हणजे ५९.५० टक्के. घरात ‘साठ टक्के’ म्हणून सांगितलं जाणार. आता भौतिक, रसायन, गणित एवढ्यांचीच बेरीज करा: १३९, म्हणजे तीनशेपैकी ४६.३३ टक्के. इंजिनीअरिंगला खुल्या वर्गाला ४५ टक्के लागतात, तर राज्यातल्या मागासवर्गीय, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग उमेदवारांना ४०. म्हणजे हा मुलगा खुल्या वर्गातला असला तर चार गुणांनी वाचला. १३५ च्या खाली गेला असता तरी लगेच निराश व्हायचं कारण नव्हतं, कारण नियमात भौतिकशास्त्र आणि गणित सक्तीचे आहेत, तिसरा विषय रसायनच हवा असं नाही. यादीत जीवशास्त्रही आहे, काही व्यावसायिक विषयही आहेत. जीवशास्त्र धरून त्याचेच १५९, म्हणजे ५३ टक्के होतात. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

याच गुणपत्रिकेत भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे १७० होतात, म्हणजे ५६.६७ टक्के. एमबीबीएससाठी बारावीत या तीन विषयांत खुल्या वर्गाला ५० आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींना ४० टक्के लागतात, इंग्रजीही पास असावं लागतं. उंबरठा पार. आता रांग ठरवणार ती ‘नीट’, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा.

बायफोकल घेतलेल्यांनी जरा थांबून वाचावं. आपल्याकडे क्रॉप सायन्स, डेअरी, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असे दोनशे गुणांचे विषय दुसऱ्या भाषेच्या आणि एका ऐच्छिक विषयाच्या जागी घेतात, कारण त्यात गुण चांगले पडतात. टक्केवारी फुगते, खरं आहे. पण त्यासाठी जीवशास्त्र सोडलं असेल तर नीटचं दार जवळपास बंद, आणि गणित सोडलं असेल तर इंजिनीअरिंगचं. हा निर्णय अकरावीत होतो आणि त्याचं बिल दोन वर्षांनी येतं. ज्यांची मुलं आत्ता दहावीतून पुढे जातायत त्यांना माझं सांगणं एवढंच, की मुलाचं मन पक्कं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घ्या. ओझं होतं, पण रस्ता उघडा राहतो.

कोणत्या अभ्यासक्रमाला काय चालतं

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी: इथे बारावीचे गुण म्हणजेच रांग. कॉलेज अर्ज घेतं, बारावीच्या टक्क्यांवर गुणवत्ता यादी लावतं, आरक्षणाप्रमाणे जागा भरतं. काही विद्यापीठांत आधी त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि मग कॉलेजचा फॉर्म. नुसता कॉलेजात फॉर्म टाकून घरी बसू नका. आपल्या भागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आहे, १९२३ चं. पश्चिमेच्या पाच जिल्ह्यांसाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, १९८३ चं. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ मध्ये निघालेलं गोंडवाना विद्यापीठ. तालुक्याच्या कॉलेजात बीएला जागा उरतात, तिथे रांगेची काळजी नको. रांग लागते ती नागपूरच्या शासकीय विज्ञान संस्थेसारख्या किंवा अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेसारख्या जुन्या संस्थांत, जिथे फी कमी आणि नाव मोठं. तिथे एकेका टक्क्याला किंमत आहे.

शाखा बदलायची असेल तर उतार एकाच बाजूला आहे. विज्ञानाचा विद्यार्थी बीएला, बीकॉमला जाऊ शकतो. कला शाखेचा बीएस्सीला जाऊ शकत नाही.

इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी: इथे एमएचटी-सीईटी. फार्मसीला भौतिक आणि रसायन सक्तीचे, तिसरा गणित किंवा जीवशास्त्र, टक्के तेच ४५ आणि ४०. बीएस्सी कृषीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नाव आपल्या घराघरात आहे. तिथेही सीईटी दिलेली लागते आणि शेतकऱ्याच्या पोरांनी घरचा सातबारा काढून ठेवावा, त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत त्याचा उपयोग बघावा.

वैद्यकीय: सगळं नीटवर. आमच्याकडे नीट म्हणजे एमबीबीएस एवढंच डोक्यात बसलंय. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि जनावरांचा डॉक्टर व्हायचा बीव्हीएस्सी यांचीही वाट नीटमधूनच जाते. ७२० पैकी गुण, चुकीच्या उत्तराला एक वजा. बीएस्सी नर्सिंगची मात्र राज्याची वेगळी सीईटी आहे.

इथे एक जुना समज खोडून काढायला हवा. वैद्यकीय प्रवेशात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची प्रादेशिक विभागणी होती, ती २०२० मध्ये रद्द झाली. आजही लोक म्हणतात, “विदर्भाचा कोटा आहे ना?” नाही. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून आणि अधिवास लागतो, मोजके अपवाद सोडले तर. गोंदिया, गडचिरोलीच्या सीमेवरच्या गावांतून शेजारच्या राज्यात बारावी करणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

नागपूरचं व्हीएनआयटी हे एनआयटी, म्हणजे केंद्राचं अभियांत्रिकी कॉलेज आहे, तिथे जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा. तिथे बारावीचा उंबरठा उंच: ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के. म्हणजे जेईईत चांगला नंबर आला आणि बारावी ‘नुसती पास व्हायची’ म्हणून सोडून दिली, तर हातचं जातं. क्लासवाले हे फारसं सांगत नाहीत.

पाच वर्षांचा एलएलबी: राज्याची सीईटी, बारावीत खुल्याला ४५, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४० टक्के, शाखा कोणतीही. बीबीए, बीसीएला २०२४ पासून सीईटी आली, हे अजून अनेकांना माहीत नाही. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयासारख्या केंद्रीय विद्यापीठांत सीयूईटी, ही त्यांची सामायिक प्रवेश परीक्षा. डीएलएड, म्हणजे जुनं डीएड, हे बारावीच्या गुणांवरच लागतं, खुल्याला ४९.५ आणि राखीवला ४४.५ टक्के किमान.

या सगळ्यात एक गोम आहे. सीईटीचे अर्ज निकालानंतर नव्हे, हिवाळ्यात भरायचे असतात. कापूस वेचणीच्या आणि तूर कापणीच्या दिवसांत. जेईईचे त्याहून आधी. निकाल लागल्यावर ‘आता सीईटी भरू’ म्हणून येणारे पालक दर वर्षी भेटतात आणि त्यांना सांगताना मलाच कसंतरी होतं.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

सीईटीचा स्कोअर आला की गावात बातमी पसरते, “त्याले सीईटीत नव्वद टक्के.” ते नव्वद पर्सेंटाइल असतं. अर्थ एवढाच, की परीक्षा देणाऱ्यांपैकी नव्वद टक्के लोक त्याच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत. समजा तीन लाखांनी परीक्षा दिली, तर पुढे तीस हजार आहेत. म्हणून ९० वरून ९५ ला जाणं म्हणजे पंधरा हजार माणसं ओलांडणं.

पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा: भौतिक ५० प्रश्न, रसायन ५०, प्रत्येकी एक गुण, आणि गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे. निम्मी परीक्षा गणिताची. पीसीबीत जीवशास्त्राचे शंभर प्रश्न. अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बारावीचा ८०. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर असतात, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल काढतात. मित्राला किती प्रश्न बरोबर आले यावरून आपलं पर्सेंटाइल काढत बसू नका.

दोघांचं पर्सेंटाइल एकसारखं आलं, तर आधी सीईटीतल्या विषयांचं बघतात, गणित सगळ्यांत वर. तरी बरोबरी राहिली तर मग बारावीचे गुण बाहेर काढतात. म्हणजे इंजिनीअरिंगमध्येही बारावी पूर्ण निकामी नाही.

कटऑफ वाचताना शेवटचं अक्षर बघा

सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या असतात. कॉलेज, त्याखाली शाखा आणि मग इंग्रजी अक्षरांचे ते विचित्र शब्द. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच, ओ किंवा एस. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय.

हे होम युनिव्हर्सिटी प्रकरण आमच्या जिल्ह्याला फार लागतं. जिथून बारावी पास झालात, त्या भागाचं विद्यापीठ ते तुमचं होम. ज्या कॉलेजांत ही वाटणी लागू आहे तिथे ७० टक्के जागा होमच्या, ३० बाहेरच्या. वणीच्या पोराला चंद्रपूर जवळ, यवतमाळ लांब. पण वणी अमरावती विद्यापीठात आणि चंद्रपूर गोंडवानात. वर्धा नदी ओलांडली की तो ‘बाहेरचा’. तसंच यवतमाळ, पुसदकडची पोरं नागपूरचं स्वप्न बघतात आणि यादीत एचचा आकडा बघून खूश होतात. त्यांना लागू आकडा ओचा असतो. कॉलेजच्या नावाखालीच त्याची होम युनिव्हर्सिटी छापलेली असते, तेवढी ओळ वाचा. आणि लातूरला किंवा पुण्याला जाऊन तिथल्याच कॉलेजातून बारावी केलीत, तर होम तिकडचं झालं.

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर आणि नागपूर या चारही ठिकाणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. फी परवडणाऱ्या घरातसुद्धा ही चार नावं यादीत वर ठेवा, असं मी सांगतो.

ऑप्शन फॉर्म: इथे माझाच हात भाजलाय

प्रवेशाच्या केंद्रीभूत प्रक्रियेला सगळे कॅप म्हणतात. नोंदणी, कागदांची तपासणी (घरबसल्या किंवा सुविधा केंद्रावर जाऊन), तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंती क्रमाने भरायची यादी. तात्पुरती यादी येते ती चुका दुरुस्त करायलाच. स्वतःचं नाव, प्रवर्ग, बारावीचे गुण तिथे तपासा.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा ऑप्शन फॉर्म मी भरून देत होतो. शेवटची तारीख, रात्रीचे सव्वाअकरा, पंखा गरम वारा फेकतोय. चाळीस पर्याय टाकले, क्रम लावला, जतन केलं. ‘कन्फर्म’ करायच्या आधी लाइट गेली. मोबाइलवर नेटवर्क एक काडी. बारा वाजून गेले. फॉर्म भरलेला होता, पण कन्फर्म नव्हता, म्हणजे नव्हताच. पहिल्या फेरीत तिचं नाव कुठेच आलं नाही. सगळा दोष माझा. तीन दिवस हातात होते आणि मी ‘अजून विचार करू’ म्हणत बसलो होतो. तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी एक बरा फॉर्म कन्फर्म करून ठेवायला सांगतो. मुदतीत तो उघडून बदलता येत असेल तर बदला, पण रिकामे राहू नका.

क्रम कसा लावायचा? मनात जे पहिलं, तेच पहिल्या क्रमांकावर. लोक म्हणतात, “थे तर आपल्याले लागणारच नाही, मग वर कायले टाकायचं?” वर टाकल्याने काहीही नुकसान नाही. यंत्रणा तुमच्या गुणवत्तेनुसार तुमची यादी वरून खाली वाचत जाते आणि जिथे जागा बसते तिथे थांबते. वरचं नाही मिळालं तर खालचं मिळण्याची शक्यता कमी होत नाही. नुकसान होतं ते उलट केल्यावर: भीतीपोटी जवळचं, सोपं कॉलेज पहिलं टाकलं आणि तेच लागलं.

कारण २०२५-२६ पासून इंजिनीअरिंगच्या चार फेऱ्यांत ऑटो-फ्रीझ कडक झालं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी लागला तर तसंच. घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे वरचे सहा पर्याय असेच हवेत, की लागले तर घरात भांडण होणार नाही. खाली मात्र भरपूर टाका. तीनशेपर्यंत टाकता येतात. पाच कॉलेजं टाकून ‘नंबरच नाही लागला’ म्हणणारे मला दर वर्षी भेटतात. आणि दर वर्षी हा फेरीचा नियम थोडा हलतो, म्हणून शेजारच्या पोराच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर चालू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडा.

कागद

गुण असून जागा गेली, अशी जी उदाहरणं मी पाहिलीत, ती जवळपास सगळी कागदांमुळे. राज्यातलं आरक्षण सगळ्यांना तोंडपाठ आहे: अनुसूचित जाती १३, जमाती ७, ओबीसी १९, भटके-विमुक्तांचे चार गट, ईडब्ल्यूएस १०, २०२४ पासून एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) १०. पण जातीचा दाखला एकटा चालत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात.

व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका. समिती जुना पुरावा मागते: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा, पणजोबा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. गेले नसतील तर तहसीलमधलं कोतवाल बुक, जन्म-मृत्यूच्या नोंदी. आपल्याकडच्या जुन्या नोंदी कधी मोडीत, कधी हिंदीत असतात, कारण १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता. एका विद्यार्थ्याच्या आजोबांच्या नोंदीत आडनाव नव्हतंच, नुसतं नाव, बापाचं नाव आणि जात. ते आडनाव जोडणारा दुवा शोधायला घरच्यांचे तीन महिने गेले. जमातींची समिती वेगळी असते, तिथे वेळ जास्त धरा.

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात नसल्याचं प्रमाणपत्र, ३१ मार्चपर्यंत चालतं. २०२६-२७ चा प्रवेश असेल तर ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. घरातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं जुनं प्रमाणपत्र बघून ‘आहे ना आपल्याकडे’ म्हणतात, आणि तपासणीत ते मुदतबाह्य निघतं. मग पोरगा खुल्या वर्गात मोजला जातो. ईडब्ल्यूएसही त्या-त्या आर्थिक वर्षाचं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, अधिवास प्रमाणपत्र, दोन्ही सेतूतून. निकालाच्या आठवड्यात सेतूत पाय ठेवायला जागा नसते. एप्रिलमध्ये जा, मोकळं असतं. आधारवर ‘विठ्ठलराव’ आणि गुणपत्रिकेवर ‘विठ्ठल’ असेल तर तेही एप्रिलमध्येच निस्तरा.

पैसे

एक गोष्ट आधी: कॅपमधून लागलेल्या प्रवेशाला सवलती मिळतात, संस्थेच्या कोट्यातून पैसे भरून घेतलेल्याला बहुतेक मिळत नाहीत. ‘आत्ताच जागा पक्की करून टाका’ म्हणणाऱ्या एजंटाला म्हणून भुलू नका.

घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. या प्रवर्गांतल्या मुलांना शिक्षण शुल्काचा निम्मा भाग. अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. टीएफडब्ल्यूएस नावाच्या पाच टक्के वाढीव जागा असतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत, शिक्षण शुल्क माफ. पण त्यांचा कटऑफ चढा असतो आणि ऑप्शन फॉर्ममध्ये तो पर्याय वेगळा टाकावा लागतो. शहरात खोली करून राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे सगळं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, दर वर्षी नव्याने भरायचं, आणि बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

गुण कमी पडले, किंवा पडल्यासारखे वाटले तर

एखाद्या विषयात गुण फारच कमी वाटत असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. अलीकडे विषयामागे ४०० रुपये पडतात. छायाप्रत हातात आल्यावर विषय शिक्षकाला दाखवा आणि पटलं तरच पुनर्मूल्यांकन, त्याचे ३०० रुपये. छायाप्रत मिळाल्यापासून पाच कामाच्या दिवसांत. नुसती बेरीज तपासायची गुणपडताळणी ५० रुपयांत होते. उंबरठ्याला दोन-तीन गुण कमी असणाऱ्यांनी हे जरूर करावं. ‘८१ चे ८४ होतील’ म्हणून करणाऱ्यांनी आधी तो अभ्यासक्रम सीईटीवर लागतो की गुणांवर ते बघावं. मी कितीतरी जणांचे सातशे रुपये वाया जाताना पाहिलेत.

नापास झाल्यास जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. पास झालेल्यांना गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजनेत पुढच्या तीन परीक्षांची संधी मिळते. विज्ञानाची बारावी झाली पण सीईटी जमली नाही, अशांनी पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा विचार करावा. तो बारावीच्या गुणांवर होतो आणि पदविकेनंतर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं दार परत उघडतं. घर सोडता येत नसेल, शेती बघायची असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची अभ्यास केंद्रं तालुक्यातालुक्यात आहेत.

शाळा सोडल्याचा दाखला काढलात की कॉलेजात द्यायच्या आधी त्याच्या आणि मूळ गुणपत्रिकेच्या दहा-पंधरा झेरॉक्स काढा, शिवाय मोबाइलमध्ये स्वच्छ स्कॅन. एकदा दाखला एका कॉलेजात जमा झाला आणि पुढच्या फेरीत दुसरीकडे लागलं, की तो परत मिळवायला किती खेपा पडतात ते तुम्हाला कळेलच.

त्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. ती कला शाखेची. वकील व्हायचं मनात. पाच वर्षांच्या एलएलबीला तिचे गुण उंबरठ्याच्या कितीतरी वर होते, पण सीईटीचा अर्ज हिवाळ्यातच भरायचा हे घरात कुणाला माहीत नव्हतं. वडील गप्प बसले. मी त्यांना दुसरा रस्ता सांगितला: आता बीए, इतिहास किंवा राज्यशास्त्र घेऊन, आणि तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीचा अर्ज. मुलीने वहीत महिना लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या. बीएचा फॉर्म भरायला बसलो तर नॉन-क्रिमीलेअर मार्चमध्येच संपलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील वावरात जायच्या आधी सेतूच्या रांगेत होते, नंबर सत्तेचाळीस.